पेडल खाली जातंय, मिस्त्री

दसरा उलटला की शहादा, तळोदा, अक्कलकुवा या गावांतल्या गॅरेजांसमोर गाड्या उभ्या राहायला जागा उरत नाही. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंबा डोंगरावरची यात्रा, पाठोपाठ दिवाळी, आणि दिवाळी सरली की सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. पिकअप, क्रूझर, बोलेरो, सगळ्यांना एकदम काम लागतं, म्हणून सगळे मालक एकदमच ब्रेकचं काम काढतात. पुढचे पॅड, मागचे लायनर, एखादा व्हील सिलेंडर, कुणाचे कॅलिपर. आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एखादी गाडी परत येते. मालकाची तक्रार ठरलेली असते: पॅड नवे, लायनर नवे, ऑइल नवं, पैसे मोजून दिले, तरी पेडल खाली जातंय.

या तक्रारीला अनेक ठिकाणी मिळणारं उत्तरही ठरलेलं आहे. "चालवा भाऊ, दोन दिवसांत सेट होईल."

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना घासून बसायला थोडं अंतर लागतं हे खरं, पण तेवढ्या काळात कमी असते ती ब्रेकची पकड. पॅड सरळ बसलेले असतील तर पेडल तेव्हाही कडक लागायला हवं. पायाखाली मऊ लागणारं पेडल चालवून कडक होत नाही. त्याला काहीतरी कारण असतं, ते कारण शोधता येतं, आणि ते सापडेपर्यंत गाडी घाटात जाता कामा नये.

घाटाचा मुद्दा या जिल्ह्यात पहिला येतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची खालची बाजू तापीकाठची सपाट, केळी, पपई, मिरची पिकवणारी. वरची बाजू म्हणजे सातपुडा. अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव धडगाव. तिथे तळोद्याकडून जायचं तर चांदसैली घाट, अक्कलकुव्याकडून मोलगीला जायचं तर देवगोई घाट, तोरणमाळला चढायचं तर सात पायरी घाट. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून उंच आहे. 18 ऑक्टोबर 2025 रोजी, धनत्रयोदशीच्याच दिवशी, अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात दरीत कोसळली आणि आठ जणांचा जीव गेला. घाटातल्या अपघातामागे वळण, वेग, भार, रस्ता अशी अनेक कारणं असू शकतात. पण यातलं मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातात पूर्णपणे असलेलं एक कारण म्हणजे ब्रेक, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच ढिलाईनं बोललं जातं.

उतारावर ब्रेकवर काय भार येतो ते आकड्यात पाहावं. समजा दोन टन वजनाची भरलेली पिकअप 800 मीटर खाली उतरली. तिच्या वजनातली जी ऊर्जा या उतरण्यात मोकळी होते, तेवढ्यात साधारण 50 लिटर गार पाणी उकळीला येईल. त्यातली काही ऊर्जा इंजिन अडवतं, काही वारा आणि टायर खातात, उरलेली सगळी डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरायचा. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस ही 50 लिटरची उकळी एकट्या ब्रेकवर टाकत असतो.

आता पेडलकडे वळू. आपण पाय दाबतो, बूस्टर त्याला जोर देतो, मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ऑइल पुढे ढकलतो आणि तोच दाब चारही चाकांशी पोचतो. ही रचना आता शंभरी ओलांडलेली आहे. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी 1917 मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, आणि 1921 च्या ड्युसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. सगळी गंमत एका गुणावर उभी आहे: द्रव दाबला जात नाही. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा जोर आधी तो बुडबुडा चेपण्यात जातो.

किती हवा पुरते? 22 मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलेंडर धरा आणि पेडलच्या दांड्याचं गुणोत्तर चारास एक धरा. नळीत फक्त 2 मिलिलिटर हवा राहिली, तर ती चेपायला पेडल जवळपास दोन सेंटिमीटर जास्त खाली जातं. दोन मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. एवढ्याशा हवेनं सेंटिमीटरच्या हिशोबात फरक पडतो, आणि कॅलिपर बदलताना नळी उघडली की याच्या कितीतरी पट हवा आत शिरते.

शहाद्याच्या एका गॅरेजात पाहिलेली पिकअप डोंगरातली होती. पुढचे दोन्ही कॅलिपर, पॅड आणि मागचे लायनर दुसरीकडे बदलून आणलेले. मालकाचा चेहरा रडवेला झाला होता, कारण परवावर यात्रेचं भाडं होतं. "काय व्हयनं, भाऊ?" मिस्त्रींनी विचारलं आणि तो सांगत असतानाच दार उघडून सीटवर बसले. बॉनेट उघडलं नाही, जॅक लावला नाही. आधी इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारलं, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपावा. मग एकदा सावकाश दाबलं आणि पाय तसाच धरून ठेवला.

हे पाय धरून ठेवण्याचं अर्धं मिनिट मला त्या दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मऊ पेडल ही एकच तक्रार दिसली तरी तिच्या पोटात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात, आणि पाय त्या ओळखतो. पहिली: पेडल स्प्रिंगसारखं लागतं, कितीही मारलं तरी तळाशी थोडी लवचीक हूल राहतेच. ही हवा, किंवा फुगणारा होज पाइप, किंवा तिरपे बसलेले पॅड. दुसरी: पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं आणि वर आल्यावर चांगलं कडक असतं. इथे ऑइलमध्ये दोष नसतो. चाकाशी जागा जास्त सुटलेली असते, बहुतेक वेळा मागचे लायनर ड्रमपासून लांब असतात. तिसरी: पेडल कडक लागतं, पण पाय धरून ठेवला की हळूहळू, अगदी लाजत लाजत, तळाकडे सरकतं. ही गळती. बाहेर कुठे ओल दिसली तर बाहेरची, नाहीतर मास्टर सिलेंडरच्या आतल्या वॉशरमधून.

त्या पिकअपचं पेडल पहिल्या प्रकारचं होतं, थोडी दुसऱ्याची मिसळ असलेलं. सरकत नव्हतं. म्हणजे मास्टर सिलेंडर तूर्त बाजूला ठेवता येत होता. माझ्या मते इथेच चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री वेगळे होतात. घाईचा मिस्त्री सरळ नवा मास्टर सिलेंडर आणायला सांगतो. मालकाचे पैसे जातात आणि नव्या मास्टर सिलेंडरसोबत आणखी हवा आत येते.

मग होज पाइपचे क्लॅम्प निघाले. मऊ जबड्याचे, रबर न चिरणारे. हे काम कुणी साध्या पक्कडीनं करू नये, कारण बाहेरून धड दिसणारा होज आतून चिरतो आणि पुढे तोच होज ब्रेक धरून ठेवायला लागतो. मागच्या एक्सलकडे जाणारा होज दाबून बंद केला आणि पेडल मारलं: किंचित वर आलं, पण हूल तशीच. म्हणजे मागे थोडी जागा आहे, पण मुख्य रोग मागे नाही. मग पुढचा डावा बंद केला: पेडल बरंच सुधारलं. उजवाही बंद केला: पेडल दगडासारखं. दोष पुढे, आणि दोन्ही बाजूंना. एकही भाग न उघडता एवढं कळलं होतं.

पुढची दोन्ही चाकं काढल्यावर मिस्त्री खाली बसले, डाव्या कॅलिपरवर टॉर्च धरली आणि मालकाला जवळ बोलावलं. "हे निपल बघा. कुठे आहे?" निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, कॅलिपरच्या खालच्या अंगाला होतं. उजवीकडेही तसंच. आधीच्या ठिकाणी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला होता. बोल्टची भोकं सारखी, होज पोचतो, पॅड बसतात, चाक फिरतं. बाहेरून काही चुकल्यासारखं दिसत नाही. पण हवा नेहमी वर जाते. निपल खाली असेल तर ब्लीडिंग करताना खालचं ऑइल स्वच्छ, बुडबुड्याशिवाय बाहेर येत राहतं, काम झालं असं वाटतं, आणि कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवेचा फुगा तसाच बसून राहतो. अख्खा डबा ऑइल ओतलं तरी तो हलणार नाही. ज्यांच्या गाडीचे कॅलिपर नुकतेच बदललेत आणि पेडल स्प्रिंगसारखं लागतंय, त्यांनी दुसरं काही करण्याआधी ही एक गोष्ट पाहावी: निपल वरच्या बाजूला हवं. एवढं पाहायला मिस्त्रीसुद्धा लागत नाही.

कॅलिपर अदलाबदल झाले. मग हवा काढायचं काम सुरू झालं. निपलला सलाइनची पारदर्शक नळी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत, बाटलीच्या तळाशी थोडं ब्रेक ऑइल, म्हणजे नळीचं तोंड बुडालेलं राहावं आणि हवा परत आत ओढली जाऊ नये. सीटवर शिकाऊ मुलगा, चाकाशी मिस्त्री. "दाब. दाब. दाब. धर!" पाना पाव फेरा फिरतो, नळीतून फेसाळ ऑइल सुटतं. "सोडू नको हं, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." निपल बंद. "आता सोड." मुलानं पाय आधी उचलला तर निपलच्या वाटेनं हवा परत आत, म्हणून ही हाळी एवढ्या जोरात दिली जाते. दर चार-पाच दाबांनंतर कुणीतरी वरची टाकी पाहायची. टाकी रिकामी पडू दिली की सगळं काम पहिल्यापासून.

क्रम सामान्यतः मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू होतो. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही मोटारींत नळ्यांची जोडणी तिरपी असते आणि क्रम बदलतो. त्या गाडीच्या पुस्तकात असतो तोच खरा. पिकअपला मागे भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, एक्सलच्या उंचीवर चालणारा. चेसिस जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबकळत ठेवली तर तो व्हॉल्व्ह मागची वाट आखडतो आणि मागची हवा नीट निघत नाही. म्हणून एक्सलखाली स्टँड द्यायचे, गाडी आपल्या चाकांवर उभी असल्यासारखी ठेवायची.

पुढची हूल गेली. आता पेडल कडक लागत होतं, पण अजून थोडं खोल. मिस्त्रींनी हँडब्रेक चार दात ओढला आणि पुन्हा पेडल दाबायला लावलं. पेडल लगेच वर आलं. हँडब्रेकनं मागचे लायनर ड्रमजवळ नेले, पेडल वर आलं, म्हणजे मागची जागा जास्त आहे हे सिद्ध झालं. नव्या लायनरसाठी ॲडजस्टर मागे घेतलेला, परत पुढे आणलाच नव्हता. ड्रम चढवून ॲडजस्टर दातादातानं फिरवला, लायनर हलका घासल्याचा आवाज येईपर्यंत, मग किंचित मागे. आता पेडल वरच थांबत होतं.

तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे सरकणाऱ्या पेडलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ते बऱ्याचदा दुरुस्तीतूनच जन्माला येतं आणि मिस्त्री-मालकाचं भांडण तिथेच होतं. गाडी दहा वर्षं जुनी असेल तर मास्टर सिलेंडरचे वॉशर इतकी वर्षं सिलेंडरच्या मागच्या भागातच मागे-पुढे होत आलेले असतात. पुढचा भाग वापराविना. तिथे गंजाचे कण, गाळ. आता हवा काढताना मुलगा जोरानं पेडल तळापर्यंत मारतो. वॉशर पहिल्यांदाच त्या खरबरीत भागावरून जातात आणि त्यांची कड फाटते. सकाळी पॅड बदलायला आलेली गाडी संध्याकाळी मास्टर सिलेंडर गेलेली असते. मालक म्हणतो, तुम्ही बिघडवलं. मिस्त्री म्हणतो, मी तर हातसुद्धा लावला नाही. उपाय साधा आहे: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, म्हणजे पाय तळाला जातच नाही, आणि दाब सावकाश द्यायचा. एवढा एक ठोकळा प्रत्येक गॅरेजात असावा असं मला फार मनापासून वाटतं.

मास्टर सिलेंडर बदलावाच लागला तर तो कोरडा गाडीवर चढवू नये. पकडीत आडवा, सरळ धरून, त्याच्या तोंडांना नळ्या लावून त्या त्याच्याच टाकीत सोडायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू ढकलायचा. मगच बसवायचा.

ऑइलचा विषय आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे खनिज तेल नाहीत. ते हवेतला ओलावा शोषतात. भारतात या द्रवासाठी आयएस 8654 हे मानक आहे. कोरड्या, नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस आणि डॉट 4 चा 230. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी शिरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. आता पावसाळ्यातलं धडगाव डोळ्यांसमोर आणा: महिनोन्महिने ओली हवा आणि कप्प्यावर अर्धा वापरलेला, झाकण नीट न लावलेला डबा. दिवाळीत तोच डबा गाडीत ओतला जातो. गॅरेजच्या अंगणात पेडल कडक लागतं, सपाटीवरही लागतं. सात पायरी उतरताना मात्र कॅलिपर तापतो, आतलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच चेपली जाते. अर्धा घाट उतरून झाल्यावर पेडल अचानक तळाला. गाडी थांबवून अर्धा तास गार केली की पेडल परत येतं, म्हणून खाली पोचल्यावर मिस्त्री म्हणतो, आता तर बरोबर आहे. नवा, सीलबंद डबा काही शे रुपयांत येतो. उरलेलं ऑइल पुढच्या गाडीसाठी राखण्यात वाचणारे पैसे आणि त्यासाठी ओढवून घेतलेली जोखीम यांचा काही मेळच नाही.

याच्या शेजारची आणखी एक सवय: व्हील सिलेंडरचे, कॅलिपरचे भाग पेट्रोल किंवा डिझेलनं धुणं. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. काही दिवसांत वॉशर सुजतात, पिस्टन परत येत नाही, आणि टाकीत चुकून स्टीअरिंगचं तेल पडलं असेल तर सगळीच रबरं बदलावी लागतात. धुवायचं तर ब्रेक क्लीनरनं किंवा ब्रेक ऑइलनंच.

बाकी कारणं थोडक्यात सांगता येतात. पॅड नवे पण डिस्क वाकडी किंवा बेअरिंग ढिलं असेल तर चाक फिरताना डिस्क पॅडला मागे ढकलते आणि प्रत्येक वळणानंतर पहिलं पेडल खोल जातं. इथे कितीही हवा काढली तरी उपयोग नाही, डिस्कचं डोलणं आणि बेअरिंग तपासावं लागतं. जुना होज पाइप दाबाखाली फुगतोय अशी शंका असेल तर कुणीतरी पेडल मारावं आणि दुसऱ्यानं होजवर हात ठेवावा, फुगवटा हाताला कळतो. आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीची टाकी काम चालू असताना कोरडी पडली आणि एबीएसच्या ठोकळ्यात हवा गेली, तर अनेक गाड्यांत ती स्कॅनर लावून, आतले व्हॉल्व्ह चालवूनच काढावी लागते. अशा वेळी रस्त्यावरच्या मिस्त्रीनं "हे माझ्या साधनांनी होणार नाही, सुविधा असलेल्या ठिकाणी गाडी न्या" असं सांगणं हा त्याचा कमीपणा नाही. असं सांगणारा मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो.

मालकांनाही काही सुनावणं भाग आहे. कॅलिपरचे, पॅडचे पैसे ते बिनतक्रार देतात, पण हवा काढायला आणि लायनर ॲडजस्ट करायला लागणारे दोन तास त्यांना फुकटचे वाटतात. "फक्त ऑइलच तर काढायचं होतं, त्याचे वेगळे कसले?" हे वाक्य या जिल्ह्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला ओळखीचं आहे. मग पाच गाड्या रांगेत असताना मिस्त्री ते दोन तास अर्ध्या तासात उरकतो. नव्या भागांची खरी किंमत त्या दोन तासांत वसूल होते. तिथे घासाघीस करणाऱ्या माणसानं मऊ पेडल स्वतःच विकत घेतलेलं असतं.

पिकअप बाहेर काढण्याआधी मिस्त्रींनी मालकालाच सीटवर बसवलं. इंजिन बंद, पेडल मारून कडक केलं, पाय त्यावर ठेवला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. पेडल किंचित खाली बसलं. मालक दचकला. "हे चांगलं आहे, बूस्टर ओढतोय," मिस्त्री म्हणाले. "याच्या पुढे जातंय का ते बघा." पुढे गेलं नाही. मग गाडी प्रकाशा गावाच्या रस्त्याला, मोकळ्या पट्ट्यात. आधी चालण्याच्या वेगावर ब्रेक, मग तिशीला, मग पन्नाशीला, प्रत्येक वेळी मध्ये डिस्क गार होऊ देऊन, जोराचा पण चाक न अडकवणारा दाब; नवे पॅड असेच बसवायचे असतात. परत आल्यावर चारही निपल, होजची टोकं आणि चाकांच्या आतल्या बाजू कापडानं पुसून, ओल आहे का ते बघितलं. टाकीच्या खुणेपर्यंत ऑइल, झाकण घट्ट. उरलेला डबा मालकाला दाखवून बाजूला ठेवला गेला, दुसऱ्या गाडीसाठी न वापरण्याच्या बोलीवर.

"यात्रेला माणसं किती बसवणार?" हा शेवटचा प्रश्न होता. मालकानं सांगितलेला आकडा ऐकून मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि पासिंगच्या कागदावर जेवढी लिहिलीत तेवढीच बसवा, असं दोनदा सांगितलं. पैसे त्यानंतर घेतले.